ग्रीन पक्षांची सीमापार आघाडी : ठरावांच्या पुढे काय?

नदीकाठ (धागाकर्ता)

१७ जून २०२४ ला लक्झेंबर्गमध्ये युरोपीय संघाच्या पर्यावरणमंत्र्यांची बैठक होती. निसर्ग पुनर्स्थापना कायदा मतदानाला होता. २०३० पर्यंत संघाच्या किमान २० टक्के जमिनीवर आणि समुद्रात निसर्ग सुधारण्याची कामं हाती घ्यायची, जुने बंधारे-अडथळे काढून २५ हजार किलोमीटर नद्या पुन्हा मोकळ्या वाहू द्यायच्या, असा तो कायदा. युरोपीय संसदेने तो फेब्रुवारीत मंजूर केला होता. मार्चमध्ये हंगेरीने पाठिंबा काढून घेतला आणि मंत्रिपरिषदेत तो अडकला. तिथे मंजुरीला किमान ५५ टक्के देश हवेत, आणि त्या देशांत मिळून संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी.

आता त्या खोलीत कोण कोण होतं ते बघा. अध्यक्षस्थानी बेल्जियमचे आलँ मारों, एकोलो या ग्रीन पक्षाचे. जर्मनीचं पर्यावरण खातं श्टेफी लेम्के यांच्याकडे, त्या ग्रीन. आयर्लंडचे एमन रायन ग्रीन, आणि मे महिन्यात अकरा देशांचं पाठिंब्याचं पत्र त्यांच्याच पुढाकाराने निघालेलं. ऑस्ट्रियाच्या लेओनोरे गेवेसलर, त्याही ग्रीन. गेवेसलरबाईंचे स्वतःचे चॅन्सेलर कार्ल नेहामर पुराणमतवादी पक्षाचे. ऑस्ट्रियाने तटस्थ राहावं अशी त्यांची भूमिका होती आणि तसं त्यांनी बेल्जियमच्या पंतप्रधानांना लेखी कळवलंही होतं. हा ऑस्ट्रियाच्या घरातला वाद आहे, बैठकीत मंत्र्याचं मत धरलं जाईल, असं मारों यांनी स्पष्ट केलं. गेवेसलरनी कायद्याच्या बाजूने मत दिलं. वीस देश, ६६.०७ टक्के लोकसंख्या. ऑस्ट्रियाचा वाटा साधारण दोन टक्के. तो वजा केला असता तर कायदा पडला असता.

वेगवेगळ्या देशांतले ग्रीन पक्ष एकत्र येऊन हवामानासाठी काय करतात, असं कोणी विचारलं की बहुतेकदा परिषदा, जाहीरनामे, सनदा यांची यादी समोर येते. मला ही बैठक जास्त महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षं एका जाहीरनाम्यावर निवडणुका लढवलेली, एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसं चार देशांच्या सरकारांत पोचली, आणि त्यातल्या एकीने सरकार पडायची जोखीम घेऊन मत दिलं. त्या मताचा फायदा तिच्या मतदारांपुरता नव्हता. पोर्तुगालपासून रोमानियापर्यंतच्या नद्यांना तो मिळणार होता.

माझं म्हणणं थेट मांडतो. ग्रीन पक्षांचं प्रादेशिक सहकार्य ठरावांवरून मोजू नये. शेजारच्या देशाच्या भल्यासाठी एखादा पक्ष आपल्या घरी किती किंमत मोजायला तयार आहे, यावरून ते मोजावं. या मापाने बरेच ठिकाणी निराशा पदरी येते हे मलाही दिसतं. तरीही दुसऱ्या कुठल्या राजकीय प्रवाहाने एवढंही केलेलं मला आढळत नाही. तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

साधा_वाचक

लेख आवडला. पण मला मुळातलंच माहीत नाही. हे पक्ष एकमेकांशी कशाने जोडलेले आहेत? कम्युनिस्टांची असायची तशी आंतरराष्ट्रीय संघटना आहे का? वरून आदेश येतो का?

नदीकाठ

आदेश येत नाही, आणि बळही दुबळेपणही त्यातूनच येतं.

थोडक्यात सांगतो. १९७२ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पेडर सरोवर धरणाखाली जाऊ नये म्हणून युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन झाला आणि लगेच निवडणुकीला उभा राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूझीलंडमध्ये व्हॅल्यूज पार्टी निघाली. सरोवर बुडालं, पण पक्षाची कल्पना पसरली. १९८० मध्ये जर्मनीत डी ग्र्यूनेन स्थापन झाला आणि १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं घेऊन संसदेत गेला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या ग्रीन पक्षांनी समन्वय मंडळ केलं, १९९३ मध्ये त्याचा महासंघ झाला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रोममध्ये युरोपियन ग्रीन पार्टी जन्माला आली. त्या साली सगळ्यांनी मिळून युरोपीय निवडणुकीचा एकत्र प्रचार केला.

जगभरच्या पातळीवर २००१ मध्ये कॅनबेरात सत्तरेक देशांतले ग्रीन जमले आणि ग्लोबल ग्रीन्सची सनद मान्य झाली. तिची तत्त्वं सहा : पर्यावरणीय शहाणपण, सामाजिक न्याय, सहभागाची लोकशाही, अहिंसा, शाश्वतता, विविधतेचा आदर. खाली चार महासंघ आहेत : युरोप, आफ्रिका, अमेरिका खंड, आशिया-पॅसिफिक. प्रत्येक पक्ष आपापल्या देशात स्वतंत्र.

चौघांत खरं वजन आहे ते युरोपच्या महासंघाला. त्याचं कारण साधं आहे, तिथे या सहकार्याला बसायला जागा आहे. थेट निवडून आलेली संसद आहे, तिच्यात एकत्र बसणारा गट आहे, आणि किमान एक चतुर्थांश सदस्य देशांत निवडून आलेले प्रतिनिधी असले तर युरोपीय पक्षाला सार्वजनिक निधी मिळतो. २०१९ मध्ये त्या गटाच्या ७४ जागा होत्या, २०२४ मध्ये ७२० पैकी ५३ उरल्या.

वेधशाळा

विरोधी मत मागितलंत म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट हिशोबाची. त्या मतदानात स्लोव्हाकियानेही बाजूने मत दिलं. त्याचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास. तो वजा केला तरी आकडा ६५ च्या खाली जातो, आणि स्लोव्हाकियाच्या सरकारात ग्रीन पक्ष नव्हता. संसदेत हा कायदा रेटून नेणारे सेसार लुएना हे स्पेनचे समाजवादी. तेव्हा श्रेयाची वाटणी जरा रुंद करा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑस्ट्रियात निसर्गसंवर्धन हा प्रांतांचा विषय आहे. नऊही प्रांतांनी मिळून विरोधाची एकमताची भूमिका दिली होती, आणि अशी भूमिका केंद्राच्या मंत्र्याला बांधून घेते. व्हिएन्ना आणि कॅरिंथिया नंतर वेगळं बोलू लागले, म्हणून एकमत उरलं नाही, असं गेवेसलर यांचं म्हणणं. चॅन्सेलरच्या पक्षाला ते मान्य नव्हतं. उद्या एखाद्या उजव्या आघाडीतल्या मंत्र्याने सरकारची भूमिका बाजूला ठेवून हवामानाच्या कायद्याविरुद्ध मत दिलं तर आपण काय म्हणू? सहभागाची लोकशाही सहा तत्त्वांत आहे ना? मग तिची सुरुवात घरातल्या प्रांतांपासून व्हायला हवी.

शेजाऱ्यासाठी किंमत मोजली, हे वाक्य ऐकायला फार चांगलं वाटतं. पण ती किंमत तिने मोजली की तिला मत न दिलेल्या शेतकऱ्यांनी मोजायची आहे?

नदीकाठ

वेधशाळा, स्लोव्हाकियाचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता असंही नाही, कारण माझा रोख श्रेयावर नव्हता. पण वाचकाला तो कळलेला बरा.

लोकशाहीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. संघाच्या नियमांत परिषदेत मत देतो तो त्या खात्याचा मंत्री. आघाडी सरकारात खातं दुसऱ्या पक्षाला दिलं की निर्णयाचा अधिकारही दिला जातो. चॅन्सेलरना सरकार मोडता आलं असतं, त्यांनी ते मोडलं नाही. आणि शेवटचा कौल मतदारांनी दिलाच : सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियन ग्रीन १३.९ वरून ८.२ टक्क्यांवर आले. त्याची कारणं अनेक होती, पण किंमत मोजली नाही असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी पक्षाने गेवेसलरनाच अध्यक्ष केलं.

मीरा_के

सहकार्याची खरी परीक्षा जिथे सगळे सहमत आहेत तिथे होत नाही. अणुऊर्जेचं बघा.

१५ एप्रिल २०२३ च्या रात्री जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या : इझार २, एम्सलांड, नेकारवेस्टहाइम २. जर्मन ग्रीनांसाठी तो चाळीस वर्षांच्या लढ्याचा शेवट. अणुविरोधी चळवळीच्या पोटीच तो पक्ष जन्मला. आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, फिनलंडमध्ये ओल्किलुओतो ३ ही अणुभट्टी नियमित वीज द्यायला लागली. फिनलंडच्या ग्रीन पक्षाने आदल्या वर्षीच्या अधिवेशनात अणुऊर्जेला उघड पाठिंबा दिलेला होता.

हाच फिनिश पक्ष २००२ मध्ये पाचव्या अणुभट्टीच्या परवानगीवरून सरकारातून बाहेर पडला होता. २०१४ मध्ये फेन्नोव्होइमा कंपनीच्या अणुप्रकल्पावरून पुन्हा बाहेर पडला. तेव्हा हा संधिसाधूपणा नव्हे. त्यांच्यातली तरुण पिढी कोळसा आणि पीट (दलदलीतून काढलेलं जळण) जाळण्याकडे बघून वेगळ्या निष्कर्षाला आली. मधे बेल्जियम : तिथल्या ग्रीन ऊर्जामंत्री टिन्ने व्हॅन डेर स्ट्राटेन यांनी मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, दोन अणुभट्ट्यांना दहा वर्षं मुदतवाढ द्यायला होकार दिला, आणि तिथल्या ग्रीनांची अणुबंदीची भूमिका तर जर्मनांइतकीच जुनी.

एकाच महासंघातले तीन पक्ष, आणि हवामानाच्या सर्वात मोठ्या तांत्रिक प्रश्नावर तीन वाटा. मग सहकार्य कशावर? माझं उत्तर असं की ज्यावर एकमत आहे ते इतकं मोठं आहे की वादाचं बाजूला ठेवून पुढे जाता येतं. २००९ चा अक्षय ऊर्जेचा युरोपीय निर्देश घ्या, २०२० पर्यंत २० टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून, प्रत्येक देशाला बंधनकारक वाटा. संसदेत तो हाताळणारे क्लॉद तुर्म्स लक्झेंबर्गचे ग्रीन. २०१२ चा ऊर्जा कार्यक्षमतेचा निर्देशही त्यांनीच पार पाडला. लक्झेंबर्गएवढ्या चिमुकल्या देशातला माणूस सत्तावीस देशांच्या विजेची दिशा बदलणाऱ्या मसुद्यावर बसला, कारण त्याच्या पाठीशी आपल्या देशाच्या नव्हे तर गटाच्या जागा होत्या. लहान देशांतल्या ग्रीनांना महासंघाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

तळटीप

मीराताई, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. महासंघ सगळंच चालवून घेतो असं नाही. जगातला पहिला ग्रीन पंतप्रधान लाटव्हियाचा, इंदुलिस एम्सिस, २००४. त्याच लाटव्हियन ग्रीन पक्षाला युरोपियन ग्रीन पार्टीने २०१९ मध्ये काढून टाकलं, कारण त्याची धोरणं आणि शेतकरी संघाबरोबरची जुनी युती मूल्यांशी जुळेनाशी झाली. पंतप्रधान दिलेला पक्ष काढायला हिंमत लागते.

साधा_वाचक

म्हणजे अणुऊर्जेवर मतभेद चालतात पण मूल्यांवर चालत नाहीत, असंच ना? ही रेषा कोण ठरवतं?

तळटीप

सदस्य पक्षांच्या प्रतिनिधींची परिषद. मतदानाने.

पूर्वरंग

इथे सगळे ब्रसेल्सबद्दल बोलताहेत. मला सीमेवरचं एक उदाहरण द्यायचंय, कारण प्रादेशिक सहकार्य म्हणताना मला तेच आठवतं.

आयर्लंड बेट. दोन देश, दोन चलनं, दोन संसदा, रक्तरंजित इतिहास. पण घाऊक वीजबाजार २००७ पासून एकच. आणि ग्रीन पक्षही एकच : उत्तर आयर्लंडमधली संघटना २००६ पासून आयरिश ग्रीन पक्षाचाच प्रादेशिक भाग आहे. तिथलं बाकीचं बहुतेक राजकारण ब्रिटनबरोबर राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावर विभागलेलं. त्यात हा पक्ष दोन्ही बाजूंना तोच प्रश्न विचारत होता.

२०२१ मध्ये डब्लिनमध्ये ग्रीन सरकारात होते. त्यांनी हवामान कायदा दुरुस्त करून घेतला : २०३० पर्यंत उत्सर्जनात २०१८ च्या तुलनेत ५१ टक्के घट, २०५० ला निव्वळ शून्य (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण). त्याच वर्षी मार्चमध्ये बेलफास्टच्या विधानसभेत ग्रीन पक्षाच्या क्लेअर बेली यांनी खासगी विधेयक मांडलं, २०४५ ला निव्वळ शून्य. उत्तर आयर्लंडला तोवर स्वतःचा हवामान कायदाच नव्हता. बेली यांच्या पक्षाचे आमदार दोन. कृषिमंत्र्यांनी उत्तरादाखल स्वतःचं विधेयक आणलं, २०५० पर्यंत ८२ टक्के घटीचं. दोन विधेयकं समोरासमोर आल्यावर वर्षभर वाद झाला आणि मार्च २०२२ मध्ये मंत्र्यांचंच विधेयक मंजूर झालं, पण सभागृहाने दुरुस्त्या करून त्यात २०५० चं निव्वळ शून्य बसवलं. दोन आमदारांच्या पक्षाने मोठ्यांना कुठून कुठे आणलं ते बघा.

दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि त्या दोन्ही जागा गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिणेतही १२ वरून १ जागा. मला हे लिहिताना वाईट वाटतं. कायदे दोन्हीकडे उभे आहेत, ते करणारे सभागृहांत जवळपास नाहीत.

वेधशाळा

पूर्वरंग, तुमचं उदाहरण मला पटलं आणि ते माझ्याच बाजूचंही आहे. बेली यांनी सभागृहात मांडून, इतरांना पटवून, दुरुस्त्यांतून हे मिळवलं. तो रस्ता मला टिकाऊ वाटतो.

दवबिंदू

वाचनखूण साठवली. आयर्लंडच्या वीजबाजाराचं माहीत नव्हतं.

अभ्रक

युरोपकडे संसद आहे, पैसा आहे, हे ठीक. आशिया-पॅसिफिकचं काय? ग्रीन पक्षांची कल्पना जन्मली ती याच भागात, आणि सहकार्य सगळ्यात सैल ते इथेच.

फेब्रुवारी २००५ मध्ये क्योटोत या भागातले ग्रीन पहिल्यांदा एकत्र आले. त्याच महिन्यात क्योटो करार लागू झाला. मग तैपेई २०१०, वेलिंग्टन २०१५. मंगोलियापासून न्यूझीलंडपर्यंतचे पक्ष. प्रत्येकाची निवडणूक पद्धत वेगळी, आणि युरोपीय संसदेसारखं एकत्र बसायला एकही सभागृह नाही. जिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे पक्ष जगतो. न्यूझीलंडने १९९६ पासून ती पद्धत स्वीकारली, म्हणून ग्रीन पक्षाचे जेम्स शॉ हवामानमंत्री होऊ शकले आणि २०१९ चा शून्य कार्बन कायदा ११९ विरुद्ध १ मताने झाला. जिथे सर्वाधिक मतांचा एकच उमेदवार निवडून येतो तिथे पाच-सात टक्के मतं मातीत जातात. महासंघ कितीही चांगला असो, निवडून आलेलं कोणी नसेल तर शेजाऱ्यासाठी मत द्यायचं कोणी?

नदीकाठ यांचं माप इथे लावून बघतो. ऑस्ट्रेलिया कोळशाच्या सर्वात मोठ्या निर्यातदारांपैकी एक. शेजारी प्रशांत महासागरातली बेटं, ज्यांच्या दारात समुद्र आला आहे. ऑस्ट्रेलियन ग्रीन २०१० नंतर अल्पमतातल्या गिलार्ड सरकारला पाठिंबा देत होते. त्यातून जुलै २०१२ पासून टनामागे २३ डॉलर कार्बनची किंमत लागू झाली. दोन वर्षांत, जुलै २०१४ मध्ये, नव्या सरकारने ती रद्द केली. पण त्याच वाटाघाटीत उभी राहिलेली अक्षय ऊर्जा संस्था आणि स्वच्छ ऊर्जा वित्त महामंडळ टिकली, आजही काम करताहेत. संस्था पाडणं करापेक्षा अवघड जातं, हा धडा इतर देशांतल्या ग्रीनांनी घ्यावा असा आहे.

मार्च २०२३ मध्ये परत तीच वेळ आली. मोठ्या उद्योगांच्या उत्सर्जनाचा कायदा सिनेटमध्ये ग्रीनांच्या मतांवर अडला होता. त्यांची मागणी होती की नवीन कोळसा आणि वायूच्या खाणी बंद. सरकारने ती मानली नाही. ग्रीनांनी एकूण उत्सर्जनावर कायद्याने पक्की मर्यादा मिळवली आणि मत दिलं. तुवालू, किरिबाटीच्या नजरेने बघितलं तर हे पुरेसं नाही. सिनेटमधल्या संख्याबळाच्या नजरेने बघितलं तर जे मिळणं शक्य होतं ते मिळालं. मी स्वतः या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे आणि हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

मीरा_के

अभ्रक, याच कारणाने २००९ चं उदाहरणही आठवतं. तेव्हा पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारची उत्सर्जन व्यापार योजना फारच कमकुवत म्हणून ऑस्ट्रेलियन ग्रीनांनी सिनेटमध्ये विरोधात मत दिलं आणि ती पडली. त्यावरून त्यांना आजतागायत बोल लावला जातो. माझ्या मते २०२३ चा होकार समजून घ्यायचा तर २००९ चा नकार आधी वाचावा लागतो.

रानपाखरू

मला एक बोचरी बाजू मांडायची आहे. पक्ष सत्तेत गेला की चळवळ दुखावते, आणि सीमापार सहकार्यात तर चळवळीचा आवाज आणखी मागे पडतो.

ल्युत्सेराथ. जर्मनीच्या पश्चिमेला गार्झवायलरच्या लिग्नाइट खाणीच्या कडेचं गाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रातल्या आणि प्रांतातल्या ग्रीन मंत्र्यांनी आरडब्ल्यूई कंपनीशी करार केला : त्या भागातला कोळसा २०३८ ऐवजी २०३० लाच थांबवायचा, पाच गावं वाचवायची, पण ल्युत्सेराथखालचा कोळसा काढू द्यायचा. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी गाव रिकामं केलं. चिखलात उभी असलेली ती तरुण मुलं, झाडांवर बांधलेल्या खोपट्या, आणि समोर आदेश देणाऱ्या सरकारात त्यांचाच पक्ष. त्यातली कित्येक मुलं ग्रीन पक्षाची मतदार होती.

आठ वर्षं आधी कोळसा थांबणं ही मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण ती मुलं नसती तर ती आठ वर्षं मिळाली असती का? पक्षांनी एकमेकांशी सहकार्य करताना आधी आपल्या चळवळीशी करावं.

नदीकाठ

रानपाखरू, या प्रतिसादाला मी उत्तर देत नाही. तो आहे तसाच राहू दे.

तळटीप

चळवळ आधी, पक्ष नंतर, याचं युरोपातलं जुनं उदाहरण म्हणजे डॅन्यूब नदी. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी १९७७ मध्ये गाब्चिकोवो-नॅगीमारोस धरणांचा करार केला. १९८४ मध्ये हंगेरीत डॅन्यूब सर्कल ही धरणविरोधी चळवळ उभी राहिली. एकपक्षीय राजवट, छापायलाही परवानगी नाही. हजारोंच्या सह्या गोळा केल्या. १९८९ मध्ये हंगेरीने नॅगीमारोसचं काम थांबवलं. चेकोस्लोव्हाकियाने मात्र १९९२ मध्ये नदी वळवलीच, आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, निकाल १९९७ ला. एका काठावरची चळवळ जिंकली तरी दुसऱ्या काठावर तेवढीच ताकद नसेल तर पाणी वळतं. धाग्याचा विषय मला तरी इथे सर्वात स्वच्छ दिसतो.

सावली

आफ्रिकेचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते.

रुवांडाचा डेमोक्रॅटिक ग्रीन पक्ष २००९ मध्ये निघाला. जुलै २०१० मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या तोंडावर, पक्षाचे उपाध्यक्ष आंद्रे काग्वा र्विसेरेका यांचा खून झाला. पक्षाचे नेते फ्रँक हाबिनेझा काही काळ स्वीडनमध्ये राहिले. पक्षाची नोंदणी झाली ती थेट २०१३ मध्ये. २०१८ मध्ये संसदेत दोन जागा मिळाल्या. हाबिनेझा आफ्रिकेच्या ग्रीन महासंघाच्या उभारणीतलेही एक प्रमुख नाव.

कोलंबियाच्या इंग्रिद बेतांकूर २००१ मध्ये कॅनबेराच्या त्या संमेलनात होत्या. दहा महिन्यांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात असताना, फार्क बंडखोरांनी त्यांचं अपहरण केलं. सुटका जुलै २००८ ला. सहा वर्षांहून जास्त काळ. जगभरच्या ग्रीनांनी त्यांचं नाव विसरू दिलं नाही.

इथे वर टक्केवारी, निर्देश, जागा यांची चर्चा झाली, ती हवीच. पण काही देशांत सहकार्य म्हणजे तुमचा माणूस गायब झाला तर दुसऱ्या देशाच्या संसदेत कोणीतरी उभं राहून त्याचं नाव घेणं. एवढंच. आणि त्याने जीव वाचू शकतो.

पूर्वरंग

सावली, मनापासून सहमत. वंगारी मथाई यांनाही यात धरा. केनियात झाडं लावण्यापायी मारहाण, अटक सोसलेल्या बाई, २००२ ला संसदेत, पुढे माझिंगिरा ग्रीन पक्ष, २००४ ला शांततेचं नोबेल.

वेधशाळा

शेवटचा एक प्रश्न नदीकाठ यांना. तुमचं माप एका प्रदेशाच्या आत चालतं असं धरून चालू. पण एका प्रदेशातल्या ग्रीनांचं सहकार्य दुसऱ्या प्रदेशावर ओझं टाकत असेल तर? युरोपचा कार्बन सीमाकर घ्या. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन, वीज, बाहेरून येणाऱ्या या मालावर त्यातल्या कार्बनप्रमाणे आकार. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सक्तीचं, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणी. संसदेने मार्च २०२१ मध्ये या कल्पनेला पाठिंबा दिला तो ठराव मांडणारे यानिक जादो फ्रान्सचे ग्रीन. भारतासह कितीतरी देशांनी यावर आक्षेप घेतला आहे. दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेला प्रदेश मोझांबिकच्या ॲल्युमिनियमवर आकार लावतो, हे सामाजिक न्यायाच्या तत्त्वात कसं बसतं?

नदीकाठ

वेधशाळा, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा, आणि मला त्यावर गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही.

करामागचा हेतू मला योग्य वाटतो. आपल्या कारखान्यांना कार्बनची किंमत लावायची आणि बाहेरचा माल फुकट येऊ द्यायचा, तर कारखाने फक्त जागा बदलतील, धूर तेवढाच राहील. त्या कराशिवाय युरोपात उद्योगांना वाटलेले उत्सर्जनाचे फुकट परवाने बंद करणं राजकीयदृष्ट्या अशक्य होतं. इथपर्यंत मी युरोपीय ग्रीनांच्या बरोबर आहे.

पण पैशाचं काय झालं ते बघा. जून २०२२ मध्ये युरोपीय संसदेने आपली भूमिका ठरवली तेव्हा त्यात एक कलम होतं : या करातून जेवढी रक्कम येईल किमान तेवढीच मदत सर्वात गरीब देशांच्या उद्योगांना प्रदूषण कमी करायला द्यायची. सरकारांबरोबरच्या वाटाघाटींत ते बंधन गळालं. अंतिम कायद्यात मदतीची भाषा आहे, रकमेची सांगड नाही. ते सरकारांच्या टेबलावर गेलं, आणि तेव्हा त्यातल्या अनेक सरकारांत ग्रीन बसलेले होते. निसर्ग कायद्यासाठी जो हट्ट दिसला तो या कलमासाठी दिसला नाही. माझ्याच मापाने ते इथे कमी पडले.

म्हणून ग्लोबल ग्रीन्सच्या आफ्रिकी आणि आशियाई सदस्य पक्षांनी युरोपीय भावंडांकडे मागणी करायची तर ती याच कलमाची करावी. नवी सनद नको, नवं संमेलन नको. युरोपच्या पुढच्या सात वर्षांच्या अर्थसंकल्पाची, २०२८ ते २०३४ ची बोलणी चालू आहेत, आणि या कराची रक्कम कुठे जमा करायची हा त्यातलाच एक विषय आहे. ५३ जागांचा गट एकट्याने ते करू शकणार नाही. समाजवादी लागतील, काही उदारमतवादी लागतील. पण मुद्दा पहिल्यांदा मांडायला ५३ पुरेत. बेलफास्टमध्ये दोन पुरले होते.